काळ्या कापडाखालची खुर्ची

नमस्कार, श्रोतेहो.

आज एका खुर्चीची गोष्ट सांगायची आहे. तारीख 6 सप्टेंबर 1917. इंग्लंडमधल्या बर्कनहेड गावात वेल्श भाषेचा मोठा वार्षिक उत्सव भरला होता. आपल्या साहित्य संमेलनासारखाच म्हणा, पण तिथं कवींची स्पर्धा लागते आणि जिंकणाऱ्याला कोरीव लाकडी खुर्ची देतात. कवी टोपणनावानं कविता पाठवतात, त्यामुळे निकालापर्यंत कुणाला काही कळत नाही. त्या दिवशी टोपणनाव पुकारलं गेलं. कवीनं जागेवर उभं राहायचं असतं. कुणीच उठलं नाही. पुन्हा पुकारा झाला, कर्णे वाजले, तरी कुणी नाही. मग व्यासपीठावरून सांगण्यात आलं, की हा कवी 31 जुलैलाच पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या रणांगणावर पडला. त्या रिकाम्या खुर्चीवर काळं कापड पांघरलं गेलं. खुर्ची घडवणारा कारागीर होता बेल्जियममधून आलेला निर्वासित. त्याच्याच मातीत कवी गेला.

कवीचं नाव एलिस इव्हान्स. कविता लिहायचा ‘हेध विन’ या नावानं. अर्थ, शुभ्र शांती. उत्तर वेल्सच्या डोंगरात आईवडिलांचं शेत, मेंढ्या राखायच्या, शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली. सक्तीची भरती आली तेव्हा घरातल्या एका मुलाला जाणं भाग होतं. धाकट्या भावावर ती पाळी येऊ नये म्हणून हा गेला. स्पर्धेची कविता त्यानं फ्रान्समध्ये, पलटणीत असताना पुरी केली आणि टपालानं पाठवली. तीस वर्षांचं आयुष्य. पुस्तक निघालं तेही मृत्यूनंतर, 1918 साली.

युद्धावरची त्याची एक छोटी कविता आहे. जुन्या वीणा झाडांच्या फांद्यांना टांगून ठेवल्या आहेत, वाऱ्यात पोरांच्या किंकाळ्या भरल्या आहेत आणि त्यांचं रक्त पावसात मिसळतं आहे. मी ती पहिल्यांदा भाषांतरात वाचली तेव्हा त्या पावसापाशी बराच वेळ थांबलो.

वेल्श छंद फार कडक असतो. त्याच्या एका प्रकारात ओळीच्या पहिल्या भागातली व्यंजनं दुसऱ्या भागात त्याच क्रमानं यावी लागतात. हे काम जाणत्या कवीजवळ बसून, ओळ म्हणून दाखवून, चूक काढून घेऊन जमतं. लहान भाषेत असे जाणते मोजकेच असतात. हेध विन जगता तर साठीला आला असता 1947च्या सुमारास. तोवर त्याच्या ओसरीवर किती पोरं येऊन बसली असती! त्या पोरांच्या कविताही त्याच्याबरोबर गेल्या, असं मला वाटतं.

त्याच 31 जुलैला, त्याच आघाडीवर, फ्रान्सिस लेडविज नावाचा आयरिश कवी गेला. तोही 1887चाच जन्म. रस्त्याचं काम करणारा मजूर होता, तिथंही रस्ताच बांधत होता. चहा पिताना तोफेचा गोळा पडला. दोघंही आज एकाच दफनभूमीत आहेत. जिवंतपणी त्यांना एकमेकांची ओळखही नव्हती.

श्रोतेहो, गेलेल्यांनी पुढं काय लिहिलं असतं, हे कसं मोजायचं? मला एकच माप सापडतं, परत आलेला माणूस. हेध विनच्याच रेजिमेंटमध्ये रॉबर्ट ग्रेव्हज होता. जुलै 1916मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत तो इतका जखमी झाला, की मेल्याची खबर आईवडिलांना गेली आणि वर्तमानपत्रातही छापून आली. वय एकवीसही पुरं नव्हतं. पण तो वाचला, आणि 1985पर्यंत जगला. युद्धाच्या आठवणी त्यानं लिहिल्या 1929 साली. त्या मनात मुरायला दहा-अकरा वर्षं लागली. मग कादंबऱ्या, प्रेमकविता, मिथकांवरची पुस्तकं. ती खबर खरी ठरली असती तर त्याच्या नावावर तरुणपणीच्या थोड्या कविता उरल्या असत्या, आणि बाकी कपाटभर पुस्तकं गेली हे कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

ही हुरहूर आपल्याला अनोळखी नाही. आपले बालकवी 1918च्या मे महिन्यात भादलीजवळ रेल्वेखाली गेले, सत्ताविसाव्या वर्षी. तो अपघात होता. एका माणसाच्या अपघातानं मराठी कविता आजही हळहळते. तिकडं तर माणसंच अशी पाठवली जात होती, दिवसाला हजारोंनी.

हेध विनचं घर अजून उभं आहे. काळी खुर्ची तिथंच आहे. त्याच्या आईनं नातवाला सांगून ठेवलं होतं, दार उघडं ठेव. आलेल्या प्रत्येकाला घरात घेऊन त्या नातवानं कितीतरी वर्षं ती खुर्ची दाखवली, मामाची म्हणून.

नमस्कार.