उडी दोन मिनिटांची, घरघर दिवसभराची

श्रोतेहो, नमस्कार.

ओझर, पिंपळगाव, दिंडोरीच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला विमान ओळखायला मान वर करावी लागत नाही. सुखोई असेल तर फोनवर बोलणारा ‘थांब जरा’ म्हणतो आणि आवाज सरला की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतो. प्रवासी विमानासाठी तेवढंही कोणी थांबत नाही. अशा आपल्या भागात तरुण मंडळींच्या गप्पांत हल्ली एक प्रश्न निघतो. उज्जैनजवळ दतानाच्या हवाईपट्टीवर मध्य प्रदेश पर्यटन खातं स्कायडायव्हिंगचा, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारायचा, महोत्सव भरवतं, हरियाणात नारनौलजवळ बाछोदच्या धावपट्टीवरून उड्या होतात. मग सिंहस्थ भरवणाऱ्या दुसऱ्या शहराने, आपल्या नाशिकने, काय घोडं मारलंय? धावपट्टी आहे, हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं, आणि मुंबई-पुण्याची गर्दी शनिवार-रविवारी वायनरीच्या निमित्ताने येतेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ओझरला हे नको. पण पारावर जे कारण ऐकू येतं, ‘उगाच मरायची हौस’, ते मला पटत नाही.

पहिल्यांदा उडी मारणारा माणूस एकटा उडतच नाही. त्याला प्रशिक्षकाच्या अंगाला पट्ट्यांनी घट्ट बांधतात आणि दोघांचं मिळून एकच मोठं पॅराशूट असतं. दहा हजार फुटांवर दार उघडतं, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग येतो, अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर सगळी पडझड आटोपते आणि साधारण पाच हजार फुटांवर छत्री उघडते. ती नीट उघडली नाही तर पाठीवर दुसरी राखीव छत्री असते. प्रशिक्षकाची शुद्धच हरपली तरी ठरावीक उंचीवर ती आपोआप उघडणारं छोटं यंत्र असतं. धोका उरतोच, नाही कशाला म्हणायचं? पण हा धोका उडी मारणाऱ्याने समजून-उमजून, सही करून घेतलेला असतो. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उतरल्या, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना कोणी वेडं म्हटलं नाही. मग नाशिकच्या पोरीला का म्हणावं?

मला काळजी आहे ती ज्यांनी कसलीच सही केलेली नाही त्यांची.

छत्री उघडल्यावर माणूस गुपचूप खाली येतो. आवाज असतो तो त्याला वर नेणाऱ्या विमानाचा. या धंद्यात सेसना १८२ सारखं एक इंजिनाचं विमान पुष्कळ वापरतात. आतल्या सीटा काढून टाकतात, वैमानिक सोडून चार माणसं बसतात, म्हणजे पाहुणे दोनच. दहा हजार फूट गाठायला त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि चढताना इंजिन जवळजवळ पूर्ण जोरावर असतं. आता हिशेब करा. रविवारी वीस पाहुणे आले तर दहा फेऱ्या. दहा फेऱ्यांची नुसती चढाई तीन तासांच्या वर गेली. तीही लांब कुठे जाऊन नाही. उतरायची जागा ठरलेली, वारा कुठून आहे ते बघून त्या अंगालाच वर जायचं, त्यामुळे विमान त्याच दोन-चार गावांवर घिरट्या घालत चढतं. सुखोई मोठ्याने ओरडतं, पण निघून जातं. हे घाण्याच्या बैलासारखं तिथेच फिरत राहतं.

अमेरिकेत यावरून गावंच्या गावं भांडली आहेत. कोलोरॅडो राज्यात लॉन्गमॉन्ट नावाचं शहर आहे, तिथल्या छोट्या विमानतळावरून अशा उड्या चालतात. आवाजाला कंटाळून रहिवासी कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये हरले. तिथे केंद्र सरकारचं अनुदान घेतलेल्या विमानतळाला, सुरक्षेचं ठोस कारण असल्याशिवाय, स्कायडायव्हिंगला सरसकट नाही म्हणता येत नाही. विमान कसं आणि कुठून उडवायचं हेही केंद्राच्या हातात, नगरपालिकेच्या नाही. म्हणून तिथे भांडण बहुतेक वेळा धंदा सुरू झाल्यावर होतं, आणि तेव्हा नागरिकांच्या हाती फारसं काही उरत नाही. आपल्याकडे गंगा उलटी आहे. संकटात मारलेली उडी सोडली तर पॅराशूटने उतरायला आधी परवानगी लागते, डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं केंद्राचं खातं, ‘हो’ म्हणेपर्यंत विमान हलत नाही. म्हणजे आपल्याला बोलायचं असेल तर ते आधी बोलता येतं. बोलतो का, हा प्रश्न वेगळा.

आता ओझरच का नको? हा विमानतळ एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीचा आहे. १९६४ पासून तिथे लढाऊ विमानांचा कारखाना आहे, मिग तिथे बनली, सुखोई बनली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ला नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए तिथूनच उडालं. कारखान्यातून बाहेर पडलेलं नवं विमान चाचणीसाठी त्याच आभाळात जातं. शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो. त्यात २०१४ मध्ये प्रवासी टर्मिनल झालं. इकडे नाशिकरोडला गांधीनगरच्या तळावर लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक घडतात, पलीकडे देवळालीच्या तोफा. एवढ्या गर्दीत माणूस हवेत सोडायचा म्हणजे बाकीच्यांनी तितका वेळ आभाळ मोकळं ठेवायचं. कोणासाठी? चार हौशी पाहुण्यांसाठी? तेजसची चाचणी त्यापायी खोळंबावी हे मला तरी पटवून कोणी दाखवावं.

आणि समजा आभाळ मिळालं, तर खालच्या जमिनीचं काय? वरून ओझरचा परिसर हिरवागार दिसतो, फोटो झकास येतील. पण ती हिरवळ म्हणजे द्राक्षबाग. लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा, काही ठिकाणी वर जाळी. मधूनमधून विजेच्या तारा, कठडा नसलेल्या विहिरी. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शेततळी. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या त्या उतारावर पोहणाराही बाहेर निघता निघता घसरून आत जातो, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. छत्रीच्या दोऱ्यांत गुंतलेला पाहुणा त्यात पडला तर? वरचा वारा वेगळा, खालचा वेगळा. अंदाज चुकला तर अर्धा-एक किलोमीटर इकडचं तिकडे व्हायला वेळ लागत नाही. ऑक्टोबर छाटणीपासून मार्चच्या खुड्यापर्यंत बागाईतदाराचा जीव टांगणीला असतो, आणि पावसाळा वगळता उड्यांचा हंगामही नेमका तोच. छत्री बागेत पडली की ती बघायला येणारी पन्नास माणसं छत्रीपेक्षा जास्त नुकसान करतात.

मग नाशिकच्या पोरांनी उज्जैनच गाठायचं का? तसंही नाही. उत्तर महाराष्ट्रात धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरला आहे. रहदारी ओझरच्या मानाने कमी. नाशिकहून गोंदूर दीडशे-एक किलोमीटर, सकाळी लवकर निघालं तर पोचता येतं. अशा ठिकाणी हा प्रयोग करून बघायला माझी हरकत नाही, मात्र काही गोष्टी आधी कागदावर हव्यात. दिवसाच्या फेऱ्यांना मर्यादा हवी. रविवारी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे ठरलेलं हवं. चढताना विमानाने गावठाण, शाळा आणि दवाखाना टाळून वळणं घ्यावीत. हे जमतं, वैमानिकाच्या थोड्या इंधनाचा प्रश्न आहे. या अटी घालणं विमानतळवाल्यांना जड जात नाही, कोणी मागितल्या तर.

आणि मागायची जागा ग्रामसभा. कंपनीचा माणूस पुष्पगुच्छ आणि मोफत उडीचं आमिष घेऊन सरपंचांकडे येईल. सरपंचांनी हौसेने उडी मारावी, माझी ना नाही. पण त्याआधी त्या कंपनीवाल्याला भर सभेत उभं करून एवढं विचारून घ्यावं: तुझा पाहुणा माझ्या शेतात उतरला, चार ओळी मोडल्या, तर पंचनामा कोण करणार, पैसे विमा देणार की तू, आणि किती दिवसांत?

नमस्कार.