पेपेशाचा गोल डबा

मित्रहो, दुसऱ्या महायुद्धावरच्या चित्रपटात धुरातून एखादी आकृती पुढे येते. तिचा चेहरा, टोपी, गणवेश यांतले काहीच नीट दिसत नसते, तरीही हा लाल सैन्याचा, म्हणजे सोव्हिएत फौजेचा, शिपाई आहे हे प्रेक्षक ओळखतो, कारण त्याच्या हातातल्या आखूड बंदुकीला खालून एक गोल, चपटा, पत्र्याचा डबा लागलेला असतो. पूर्वी चित्रपटांची रिळे ज्या डब्यांतून थिएटरवर येत, त्याच घाटाचा, फक्त बराच लहान. या सबमशीनगनचे, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या सलग झाडणाऱ्या आखूड बंदुकीचे, नाव पीपीएसएच-४१. रशियनमध्ये या आद्याक्षरांचा उच्चार ‘पे-पे-शा’ असा होतो आणि सैनिकांनी त्याचेच लाडाने ‘पपाशा’, म्हणजे ‘बाबा’, करून टाकले. मला आज या बंदुकीइतकेच त्या डब्याबद्दल बोलायचे आहे, कारण ज्या डब्यामुळे आपण ती ओळखतो, त्याचाच खुद्द सैन्याला जाच होऊ लागला होता.

या गोष्टीची सुरुवात रशियात होत नाही, फिनलंडमध्ये होते. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात फिनिश सैनिकांच्या सुओमी सबमशीनगनने जंगलातल्या जवळच्या लढाईत सोव्हिएत तुकड्यांना चांगलेच जेरीस आणले. सुओमीला सत्तर गोळ्यांचा गोल डबा होता. सोव्हिएत सैन्याकडे शस्त्ररचनाकार देग्त्यार्योव यांची पीपीडी ही सबमशीनगन होती, परंतु तोवर या प्रकारच्या हत्याराला तेथे दुय्यम मानले गेले होते. शिवाय पीपीडीचे भाग पोलादाचे ठोकळे कोरून काढावे लागत आणि त्यात वेळ फार जाई. आता फिनिश डब्याच्या धर्तीवर एकाहत्तर गोळ्यांचा सोव्हिएत डबा तयार झाला आणि कोवरोवच्या कारखान्यात देग्त्यार्योव यांच्याबरोबर काम केलेल्या गेओर्गी श्पागिन यांनी बंदुकीचाच नव्याने विचार केला.

श्पागिन यांची बुद्धिमत्ता नेम किंवा पल्ला वाढवण्यात दिसत नाही. त्यांनी विचार केला तो कारखान्याचा. नळीभोवतीचे भोकांचे आवरण आणि बंदुकीचे मुख्य अंग त्यांनी जाड पत्रा साच्यात दाबून व जोडकाम करून बनवले, दस्ता साध्या लाकडाचा ठेवला आणि आवरणाचे पुढचे टोक तिरके कापले, जेणेकरून बाहेर पडणारा वायू वर उसळून नळीला खाली दाबून धरील. पीपीडीला यंत्रावर १३.७ तास लागत असतील तर या बंदुकीला सुमारे ५.६ तास लागतील, असा सुरुवातीचा हिशेब होता. पुढे तो थोडा वाढला. २१ डिसेंबर १९४० रोजी तिला मान्यता मिळाली, पण मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन १९४१ च्या शरद ऋतूत, म्हणजे जर्मन आक्रमण होऊन काही महिने लोटल्यावर सुरू झाले. तेव्हा १९४१ च्या जूनमधल्या लढाईत शिपायांच्या रांगाच्या रांगा पेपेशा घेऊन धावताना दाखवणारा चित्रपट दिसला, की तिथे कलादिग्दर्शकाने पंचांग पाहिलेले नाही असे खुशाल समजावे.

युद्धाच्या अखेरीपर्यंत अशा सुमारे साठ लाख बंदुका बनल्या. मिनिटाला नऊशे गोळ्या, म्हणजे सेकंदाला पंधरा. घोडा दाबून धरला तर भरलेला डबा पाच सेकंदांच्या आत रिकामा. आणि तो पुन्हा भरणे हेच खरे दुखणे होते. झाकण काढायचे, स्प्रिंग ताणायची, काडतुसे एकेक करून उभी रचायची, आणि हे सगळे थंडीने बधिर झालेल्या बोटांनी. त्यातून एका बंदुकीसाठी घासून बसवलेला डबा दुसरीला नीट बसेलच याची खात्री नसे. डब्यासह बंदुकीचे वजन साडेपाच किलोच्या आसपास जाई ते वेगळेच. म्हणून १९४२ पासून पस्तीस गोळ्यांचे साधे, किंचित वाकडे मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची लांबट पेटी, आले. गोल डबे लगेच नाहीसे झाले नाहीत, पण स्वस्त आणि सुटसुटीत काय, याचा निकाल लागला होता.

चित्रकार, शिल्पकार आणि चित्रपटकार मात्र डब्यालाच धरून राहिले, आणि मला त्यात त्यांचा दोष वाटत नाही. वाकडे मॅगझिन लावलेली पेपेशा दुरून इतर चार बंदुकांसारखीच दिसते. गोल डबा लावला की तिची सावलीसुद्धा ओळखता येते. हंगेरीत तर लोकांनी तिला ‘दावाय-गिटार’ असे नाव ठेवले: आकार गिटारचा, आणि ‘दावाय’ म्हणजे रशियनमध्ये ‘दे इकडे’. त्या एका नावात युद्धानंतरच्या बुडापेस्टचा सारा कडवटपणा आहे. उलट बल्गेरियातल्या प्लोव्हदिव शहराच्या टेकडीवर ‘अल्योशा’ नावाचा जो अकरा मीटर उंच काँक्रीटचा सैनिक उभा आहे, त्याच्या हातात हीच बंदूक जमिनीकडे नळी करून धरलेली आहे, म्हणजे लढाई संपलेली आहे. कोरियन युद्धात समोरच्या बाजूच्या इंग्रजीभाषक सैनिकांनी आकाराऐवजी आवाज ऐकला आणि तिला ‘ढेकर देणारी बंदूक’ म्हटले.

चित्रपटांपैकी मला सॅम पेकिनपा यांचा १९७७ चा ‘क्रॉस ऑफ आयर्न’ महत्त्वाचा वाटतो. त्यात पेपेशा रशियन सैनिकापुरती राहत नाही. जेम्स कोबर्न यांनी साकारलेला स्टायनर हा जर्मन सार्जंट तीच घेऊन फिरतो. हा काही दिग्दर्शकाचा लहरीपणा नव्हे. जर्मन सैन्याने हस्तगत केलेल्या पेपेशा खरोखरच वापरल्या आणि काहींची नळी बदलून त्या स्वतःच्या नऊ मिलिमीटर काडतुसांसाठी फिरवून घेतल्या. इतर बहुतेक युद्धपटांत मात्र प्रत्येक रशियनाच्या हाती पेपेशा असते. प्रत्यक्षात युद्धाचा बराच काळ लाल सैन्याचा सामान्य पायदळ शिपाई एकेक गोळी झाडणारी लांब मोसिन रायफलच बाळगत होता. अर्थात पुढे केवळ सबमशीनगनधारी सैनिकांच्या स्वतंत्र कंपन्या उभ्या राहिल्या आणि ते रणगाड्यांच्या पाठीवर बसून हल्ल्याला जात, त्यामुळे हे चित्र निव्वळ खोटे आहे असेही म्हणता येत नाही.

व्हिडिओ गेमकडे आल्यावर आपला डबा पुन्हा भेटतो, आणि तोही चमत्कारिक रूपात. २००८ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: वर्ल्ड ॲट वॉर’ या खेळात आपसांतल्या ऑनलाइन सामन्यांत पेपेशा पस्तीस गोळ्यांच्या साध्या मॅगझिनसह येते. एकाहत्तर गोळ्यांचा गोल डबा हवा असेल तर तो खेळून खेळून कमवावा लागतो, म्हणजे इतिहासात जे नंतर आले ते इथे आधी आणि जे आधी होते ते बक्षीस. तो मिळवलेला खेळाडू घोडा दाबून धरतो, पाच सेकंदांत डबा संपवतो, एक बटण दाबतो, आणि पडद्यावरचा हात रिकामा डबा काढून दुसरा, काठोकाठ भरलेला डबा अलगद बसवतो. तो डबा कोणी, कुठे बसून, किती वेळ भरला असेल, ते पडद्यावर कुठेच दिसत नाही.