काटा घेऊन लॅपटॉप घ्यायला

(वाचनालयाच्या मासिक सभेतील व्याख्यान, थोडे संपादित करून)

अध्यक्ष महोदय, कार्यवाह, आणि पंख्याखालच्या जागा अर्धा तास आधी येऊन धरलेले मित्रहो,

फळ्यावर विषय लिहिलाय, 'प्रवासासाठी स्वस्त आणि हलका लॅपटॉप कसा निवडावा'. मला पंचेचाळीस मिनिटं दिली होती. त्यातली आठ माझ्याच सत्कारात गेली, त्यामुळे तक्रार करता येत नाही. नारळ मात्र आत्ताच पिशवीत ठेवतो, कारण त्याचं काम आहे.

हे माझ्या हातात काय आहे, दिसतंय का मागच्यांना? लगेजचा काटा. आकड्याला बॅग अडकवायची, वर उचलायची, इथे वजन दिसतं. (उचलून) नारळ, शाल आणि पिशवी मिळून एक किलो शंभर ग्रॅम. आजच्या व्याख्यानातला हा पहिला उपयोगी आकडा. प्रवासाचा लॅपटॉप चार्जरसकट या पिशवीएवढा असावा. पाव किलो इकडेतिकडे चालेल.

लॅपटॉप घ्यायला मी हा काटा घेऊनच जातो. बायको दुकानाबाहेर उभी राहते, ओळख दाखवत नाही. मागच्या वर्षी विक्रेता मुलगा म्हणाला, "काका, वजन वेबसाइटवर दिलेलं असतं." मी म्हटलं, "अरे, स्थळाचा फोटोही वेबसाइटवर असतो, तरी चहा-पोहे होतातच ना?" त्याने यंत्र काढून दिलं. साडेपंधरा इंची, कागदावर वजन १.६ किलो. मी म्हटलं, आता चार्जर काढ. त्याची ती तीन पिनांची, उसाएवढी जाड वायर काढ. आणि 'फ्री' म्हणून जी बॅग देणार आहेस, तीही आण. सगळं आकड्याला लावलं. दोन किलो ५५० ग्रॅम! नुसती फुकटची बॅगच सहाशे ग्रॅमची होती. विमानात हातातल्या बॅगेला साधारण सात किलो सोडतात. त्यातले अडीच किलो गेले. उरलेल्या साडेचार किलोत तुमचे कपडे, औषधं आणि मुलीसाठी नेलेलं मेतकूट.

आता तुम्ही म्हणाल, मग छोटा घ्या. इथेच तर माझं दुखणं आहे. स्वस्त हवा तर मोठा घ्यावा लागतो आणि छोटा हवा तर महाग. भाजीत असं कधी होतं का? साडेपंधरा इंची पडदे सर्वांत जास्त संख्येने बनतात, म्हणून ते स्वस्त. मोठ्या खोक्यात भाग ऐसपैस बसतात. लहान आणि हलक्यात तेच सगळं कोंबायला कारागिरी लागते, हलका धातू लागतो, आणि त्याचे पैसे आपण मोजतो.

पण एक काळ असा होता की छोटा तोच स्वस्त होता. इथे थोडं मागे जाऊ द्या. १९८१ साली अमेरिकेत ऑसबॉर्न वन नावाचा संगणक आला. उचलून नेता येतो म्हणून त्याचं कौतुक. वजन अकरा किलो आणि पडदा पाच इंचांचा! बंद केला की शिलाई मशीनची पेटी. 'पोर्टेबल' या शब्दाची किंमत तेव्हापासून घसरलेली आहे.

मग पुढचं एकदम २००७. तुमच्यापैकी किती जण कर्जत लोकलने जाता? त्या कर्जतजवळ खैराट नावाचं गाव आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत त्या वर्षी पोरांच्या हातात हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. सशाच्या कानासारखे दोन अँटेना, पडदा उन्हातही वाचता येणारा. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या अमेरिकी प्राध्यापक निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या योजनेचा तो भारतातला प्रयोग होता. शंभर डॉलरला देऊ असं म्हणाले होते. बनेपर्यंत १८८ झाले. घराच्या बांधकामात काय होतं, तेच. पण त्या योजनेनं एक केलं. स्वस्त आणि लहान यंत्र बनू शकतं, हे बाजाराच्या डोक्यात भरलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तैवानच्या आसूस कंपनीचा 'ई पीसी' आला. सात इंची पडदा, चार जीबी साठवण, ९२० ग्रॅम वजन. विंडोज नव्हे, लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली. याला पुढे 'नेटबुक' म्हणू लागले.

माझ्या एका सहकाऱ्याकडे होता तो. त्याच्या कळा एवढ्या बारीक की 'क' दाबला की शेजारचं अक्षर सोबत यायचं. आमची बोटं भाकरी थापणाऱ्या घराण्यातली. पण काय सुख होतं महाराजा! जेवणाच्या डब्याच्या पिशवीत डब्याच्या बाजूला उभा राहायचा.

मग काय झालं? यशानं घात केला. सातचे नऊ इंच झाले, नऊचे दहा, दहाचे साडेअकरा. त्यावर विंडोज बसवायला घेतलं. विंडोज सात आलं तेव्हा या छोट्यांसाठी एक 'स्टार्टर' आवृत्ती काढली. तिच्यात पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. म्हणजे भाडेकरूला भिंतीला खिळा ठोकायची बंदी. २०१० च्या जानेवारीत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनी आयपॅड हा टॅबलेट दाखवला आणि त्याच मंचावरून सांगितलं की नेटबुक कोणत्याच गोष्टीत सरस नाही. लोकांना ते पटलं. दोन-तीन वर्षांत नेटबुक बाजारातून गेला. मला अजून पटलेलं नाही, पण मला कुणी विचारलं नाही.

(मागून कुणीतरी : "टॅबलेट घ्या की मग!") साहेब, टॅबलेट घेतलाय. मांडीवर ठेवून त्यावर दोन पानं मराठीत लिहून दाखवा, मी तुम्हाला हा नारळ देतो. कीबोर्ड वेगळा, स्टँड वेगळा, कव्हर वेगळं. सगळं आकड्याला लावलं की लॅपटॉप होतो.

आता माझी गोष्ट. कार्यवाह घड्याळ बघतायत, पण ही सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

२०१८ च्या शेवटी मी एक छोटा लॅपटॉप घेतला. साडेअकरा इंची, सव्वा किलो, किंमत पेन्शनीला शोभेल अशी. कंपनीचं नाव सांगत नाही, दुकानाचंही नाही, माणसं अजून धंद्यात आहेत. साठवण होती ३२ जीबी. मी विचारलं, "पुरेल ना?" तो म्हणाला, "काका, तुम्हाला काय, मेल आणि यूट्यूब." ते 'तुम्हाला काय' मी तेव्हा ऐकून घेतलं. ती चूक माझी.

पुढच्या गणपतीला कुडाळजवळ वालावलला, आक्काकडे गेलो. दादरहून तुतारी एक्स्प्रेस. गाडीतला सॉकेट रात्री काही कामाचा नव्हता. तेव्हापासून मी बॅटरीच्या तासांवर विश्वास ठेवतो, सॉकेटवर नाही. आता तर नियमच झालाय, रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद. तर आक्काच्या पडवीत बसलो. समोर माटवी, म्हणजे गणपतीवरचा छोटा मांडव, बांधायचं चाललं होतं, पोरं कवंडाळं ही रानफळं आणि आंब्याचे टाळे दोरीला ओवत होती, बाहेर पाऊस धो धो. मी ठरवलं होतं की या मुक्कामात आईच्या आठवणी टाइप करायच्या. विंडोजच्या त्या वर्षीच्या मोठ्या अपडेटमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आला होता. म्हणजे इंग्रजी अक्षरांत 'aai' लिहिलं की 'आई' उमटणार. इन्स्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची सरकारी मांडणी मला या जन्मी जमायची नाही, तेव्हा मी त्या अपडेटची वाट बघत होतो.

दाबलं. यंत्र म्हणालं, जागा नाही.

मी फोटो काढून टाकले. जागा नाही. गाणी काढली, त्यात आशाबाईंची दोन तास रडत रडत. जागा नाही. ३२ जीबीतले विंडोजला दिसतात जेमतेम तीस. वीसेक तर त्याचे स्वतःचेच. उरल्या जागेत तो अपडेट उतरवून घेणार, उलगडणार, जुनं विंडोज बाजूला ठेवणार आणि मग नवीन बसवणार. म्हणजे खोलीत कपाट बदलायचंय, पण जुनं कपाट, नवं कपाट आणि चार हमाल एकाच वेळी आत हवेत! मजा पुढे आहे. त्याच अपडेटपासून विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टनं नियम केला, नव्या यंत्राला किमान ३२ जीबी जागा हवी. म्हणजे माझं यंत्र नियमानं पास होतं. पास होण्याला आणि पुरण्याला आपल्याकडे कधी संबंध नव्हताच म्हणा.

भाचा आला, त्यानं हात पुसून बघितलं आणि म्हणाला, "मामानू, ह्येच्यात जागाच नाय आसा." हे मला दुपारपासून माहीत होतं. पण पोर हुशार. म्हणाला, पेन ड्राइव्ह लावला तर त्याची जागा वापरता येते. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह कुडाळच्या बाजारातून आणला. मग डाउनलोड. फोनचा डेटा रोज दीड जीबी. टॉवर पावसात रुसलेला, म्हणून फोन पिशवीत घालून माडीच्या खिडकीच्या गजाला टांगलेला. तीन दिवस! दीड दिवसाचा शेजारचा गणपती विसर्जनाला गेला, आमचा अपडेट एकसष्ट टक्क्यांवर. आक्का आरतीनंतर प्रसाद देताना विचारायची, "झाला काय रे तुझा तां?" चौथ्या दिवशी झाला. मी पहिला शब्द लिहिला, 'आई'. आणि बॅटरी संपली. चार्जर माडीवर, वीज गेलेली.

(चिठ्ठी आली आहे. 'पाच मिनिटे.' खाली दोन रेघा मारल्या आहेत. मूळ विषय आता पाच मिनिटांत. लिहून घेणाऱ्यांनी घ्या.)

साठवण : ३२ जीबी कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. ६४ विंडोज अकराची किमान अट आहे, आणि किमान म्हणजे काय हे आत्ताच सांगितलं. स्वस्त यंत्रात 'ईएमएमसी' नावाची साठवण असते, मदरबोर्डला डाख देऊन चिकटवलेली. हळू असते आणि बदलता येत नाही. १२८ जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण, असेल तर ती बघा. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, कागदोपत्री चार जीबी चालते, पण आठ घ्या. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडल्यावर ते कळेल.

चार्जर : यूएसबी-सीवर, म्हणजे नव्या फोनच्या त्या लंबगोल पिनेवर, चार्ज होणारा घ्या, आणि दुकानात लावून बघा, कारण नुसतं भोक असलं म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. झालं, तर फोन आणि लॅपटॉपला एकच चार्जर, म्हणजे काट्यावर तीनेकशे ग्रॅम कमी. ४५ किंवा ६५ वॅटचा. पॉवर बँक चालते, पण विमानात १०० वॅट-अवरपर्यंतचीच विनापरवानगी, आणि ती हातातल्या बॅगेत, सामानात टाकायची नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते.

नुसतं इंटरनेट, मेल, बँकिंग, व्हिडिओ कॉल असेल तर क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलची प्रणाली असलेला लॅपटॉप. पण गूगल त्याला अपडेट देतं ते ठरावीक तारखेपर्यंत. २०२१ पासूनच्या मॉडेलना दहा वर्षं, आणि ती मॉडेल बाजारात आल्यापासून, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. दुकानात धूळ खात पडलेल्याची वर्षं तिथेच सरत असतात. २०२३ मध्ये जिओबुक १६,४९९ ला आला, ९९० ग्रॅमचा, अँड्रॉइडच्या पायावर. काट्याला तो आवडेल. पण विंडोजचं कुठलंही सॉफ्टवेअर लागत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि माझी खरी शिफारस, जिच्यासाठी मी आलो होतो : नवा स्वस्त घेण्याऐवजी कंपन्यांनी वापरून काढून टाकलेला, दुरुस्त करून विकला जाणारा छोटा ऑफिस लॅपटॉप घ्या. लेनोवोच्या थिंकपॅडची एक्स मालिका, डेलची लॅटिट्यूड ७२९०, साडेबारा इंची, सव्वा किलोच्या आसपास. कीबोर्ड असा की भाकरीवाल्या बोटांनाही जागा. अट एकच, इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी किंवा पुढची. विंडोज दहाचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अकराला त्याआधीची चालत नाही. म्हणून एक्स २७० नको, एक्स २८० चालेल. पण २८० ची रॅम चिकटवलेली असते, तेव्हा आठ जीबीवालाच मागा. बॅटरी जुनी असते, ती बदलून मागा. बिल घ्या. वॉरंटी तोंडी देतील, ती लिहून घ्या.

पडद्याविषयी बोलायचं होतं, राहिलं. एवढंच करा, दुकानातून उचलून दारात उन्हाकडे घेऊन जा आणि वाचून बघा. विक्रेता मागे धावत येईल, येऊ द्या.

प्रश्न? हो, ताई... वालावलचा लॅपटॉप कुठे आहे? आक्काकडेच आहे. भाच्याच्या पोरीनं त्यात लिनक्स घातलंय आणि ती त्यावर गाणी ऐकते. जागा भरपूर आहे म्हणते.

काटा मी इथे टेबलावर ठेवतो. कुणी पिशवीत लॅपटॉप आणलाय का? अध्यक्षांनी आणलाय, मला दिसतोय. आधी तोच लावू. चार्जरसकट, साहेब. आणि ती बॅगही.