आल्टोची ओळ

संध्याकाळचे साडेसात. राजारामपुरीतल्या एका क्लासची वरची खोली, चपलांनी जिना भरलाय, खाली रस्त्यावर हॉर्न चालूच आहेत. आत कॉयरची, म्हणजे समूहगानाची तालीम, वीसेक माणसं, एक पेटी आणि टेबलावर कडेला चिकटपट्टी लावलेला एक लॅपटॉप.

कोल्हापूर म्हणजे गाण्याचं गाव, हे काय वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते, गायन समाज देवल क्लब 1883 पासून आहे, त्यामुळं इथल्या माणसाचा कान तयार असतो. आणि खरं सांगायचं तर या खोलीत घोटाळा त्याच तयार कानानं केलेला.

कारण इथं सगळे एक चाल गात नाहीत, चार गातात. वर सोप्रानो म्हणजे बायकांचा उंच आवाज, खाली आल्टो (मारुतीची गाडी न्हवं) म्हणजे बायकांचाच खालचा, मग टेनर, पुरुषांचा उंच, मग बेस, सगळ्यात खालचा. मूळ चाल सोप्रानोकडं. आता आल्टोच्या रांगेतली बाई आपला सूर धरून उभी असते, शेजारून गोड चाल कानावर येते आणि तिसऱ्या ओळीला तीपण अलगद तिकडं सरकते. कान चांगला म्हणूनच सरकते! संचालक बाई थांबवतात, पेटीवर आल्टोची ओळ वाजवतात, परत सुरू, परत सरकली. दोन तासांतला दीड तास असाच जायचा, आणि तोवर बेसवाले मागं मोबाईल बघत बसलेले.

मग बाईंनी म्यूझस्कोर डाऊनलोड केलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, टाईप करायचं आणि ते वाजवून दाखवतं. चारही आवाज एकाखाली एक लिहिले की मिक्सर उघडायचा, आल्टोचा आवाज मोठा ठेवायचा, बाकी तिघांचा बारीक, आणि ऑडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा. असे चार ऑडिओ, ज्याचा त्यानं घ्यायचा. अवघड जागा असली तर लय निम्मी करून पाचवा. त्यात शब्द नसतात हं, नुसतं आऽ आऽ येतं, आणि ते आऽ इतकं निर्जीव की ऐकून हसू येतं. पण आपली ओळ कुठं जाते ते कळतं, आणि कळायला तेवढंच पाहिजे असतं.

एक ताई सांगत होत्या, भाकरी थापताना मोबाईल लावून ठेवतात. सासूबाई म्हणाल्या, हे कसलं गाणं ग, एकाच सुरावर अडकलंय? बरोबरच आहे, आल्टोची ओळ एकटी ऐकली तर गाणं वाटतच नाही, प वर बसते ती बसतेच.

लिहायचं काम मात्र किचकट. एका नोटखाली एक अक्षर, स्पेस दाबली की पुढच्या नोटवर, शब्द तोडायचा असेल तर मधे हायफन. इंग्रजीला ठीक आहे, आपल्या जोडाक्षरांचं काय? ‘सत्य’ लिहिताना त्य पुढच्या नोटखाली न्यायचं, पण गाताना अर्धा त् आधीच्या सुरावरच आपटतो, ते सॉफ्टवेअरला कळत नाही, बाईंनाच तोंडानं सांगावं लागतं. आणि इथं स्टाफ वाचणारे मोजून चारजण. म्हणून बाई लिरिक्सच्या दुसऱ्या ओळीत सरगम टाईप करतात, प्रिंट काढतात आणि मग पेन घेऊन बसतात, कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र म ला वर उभी, भातखंडे पद्धतीनं. वीस कागद, प्रत्येकावर हातानं. कॉम्प्युटरवर करता येईल की ओ, म्हटलं, तर म्हणाल्या, येत असंल, पण हातानं रेघ मारली की कुणाचा कुठला सूर चुकणार ते डोक्यात बसतं.

मींड, आंदोलन, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, सूर हलवणं, असलं काही यात मावत नाही. बारा सूर, सगळे सारख्या अंतरावर, संपलं. नाट्यगीत शिकायला हे लावलंत तर वाटोळंच होईल. पण चार रांगा एका वेळी उभ्या करायच्या असतील तर चालतंय.

आता तालमीत पेटी जवळजवळ बंदच असते. पहिल्या दहा मिनिटांत चारही आवाज एकत्र, आणि उरलेला वेळ श्वास कुठं घ्यायचा, शब्द कुठं सोडायचा यावर. आल्टोची रांग तिसऱ्या ओळीला आली की बाई अजून तिकडं बघतात, सवय.

गेल्या आठवड्यात वेगळंच. गाणं पांढरी चारमध्ये होतं, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, सोप्रानोंना वरचा सूर ओरडून लावावा लागत होता, म्हणून बाईंनी ट्रान्सपोज केलं, म्हणजे अख्खं गाणं दोन सेमीटोन (पेटीच्या दोन पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या धरून) खाली, काळी दोन. पूर्वी सगळं परत हातानं लिहावं लागलं असतं, आता दोन क्लिक. सोप्रानो खूश. तर मागनं बेसमधले काका, ‘बाई, खालचा सूर लागंना झालाय, नुसती हवा येतीया.’

बाईंनी लॅपटॉप उघडला. एक सेमीटोन वर, पांढरी तीन. नवीन ऑडिओ बेसच्या ग्रुपवर गेलाय. सोप्रानोंना अजून सांगितलेलं नाही.