फेट्याखालची सावली

(दृश्य: गुढीपाडव्याची सकाळ, तलावपाळी. शोभायात्रेतले केशरी फेटे.)

ठाण्यात कौपिनेश्वर मंदिरापासून निघालेली पाडव्याची शोभायात्रा मासुंदा तलावाच्या परिसरात पोहोचून रेंगाळते, तोवर चैत्रातले ऊन डोक्यावर येऊ लागलेले असते आणि फेटे बांधून दुचाकीवर बसलेल्या मुलींचे चेहरे कपाळापासून हनुवटीपर्यंत सावलीत गेलेले असतात. फेट्याचा रंग फिल्मवर सुरेख उतरतो. डोळ्यांच्या जागी मात्र दोन काळे खड्डे राहतात. अशा वेळी जुना मॅन्युअल कॅमेरा गळ्यात अडकवलेला माणूस भर उन्हात फ्लॅश लावू लागला, की आजूबाजूच्यांना तो वेडाच वाटतो, आणि ठाणेकर तसे बोलूनही दाखवतात.

फ्लॅश येथे अंधार घालवण्यासाठी नसतो. सावली सावलीच राहावी, परंतु तिच्यातला चेहरा ओळखू यावा, एवढेच त्याचे काम असते. अडचण फ्लॅशची नसून शटरची असते.

(दृश्य: मागचे झाकण उघडलेला कॅमेरा, शटरचे पडदे.)

पेंटॅक्स के १००० हा १९७६ साली आलेला कॅमेरा पाहा. त्याच्या शटरमध्ये कापडाचे दोन पडदे आहेत. पहिला सरकून फिल्म उघडी करतो आणि दुसरा त्याच्यामागून येऊन ती झाकतो. १/६० सेकंदावर पहिला पडदा पलीकडच्या कडेला पोहोचल्यानंतरच दुसरा निघतो, म्हणून क्षणभर का होईना, संपूर्ण चौकट उघडी असते. वेग त्याहून वाढवला, तर दुसरा पडदा आधीच निघतो आणि दोन पडद्यांमधली फट फिल्मवरून सरकत जाते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा लखलखाट साधारण १/१००० सेकंदात किंवा त्याहूनही लवकर संपत असल्याने, त्या क्षणी फट जिथे असेल तेवढ्याच पट्टीवर तो पडतो. ज्या कमाल वेगाला चौकट पूर्ण उघडी सापडते, तो त्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड.

रात्री ही चूक झाली, तर निगेटिव्हचा उरलेला भाग कोराच राहतो आणि चूक लगेच कळते. उन्हात ती लपते. मी एकदा डायल १२५ वर ठेवून लेझीम पथकाचा अख्खा रोल काढला. प्रिंट हातात आल्यावर प्रत्येक फोटोत एका बाजूची मुले उजळ आणि दुसऱ्या बाजूची काळवंडलेली दिसली, आणि तो दोष उन्हाचा असावा असे मी बरेच दिवस समजत होतो.

(दृश्य: शटरच्या डायलवरील आकडे.)

आता गणित. लख्ख उन्हात १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) फिल्मला १/१२५ सेकंद आणि एफ १६ एवढे अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातले छिद्र, लागते (आकडा जेवढा मोठा, तेवढे छिद्र लहान), म्हणजे १/६० वर एफ २२. फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, २८ असेल, तर त्याला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागून अंतर मिळते: जेमतेम सव्वा मीटर. भरणीचा, म्हणजे सावली उजळणारा, फ्लॅश उन्हापेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा, हवा, म्हणून पावणेदोन मीटरपर्यंत जाता येते. मिरवणुकीत एवढ्या जवळ जायचे, तर समोरच्याच्या ढोलावर कोपर आपटणार.

अनेकांना वाटते की मंद फिल्म घातली की प्रश्न सुटेल. तो सुटत नाही. ५० आयएसओला अ‍ॅपर्चर एक स्टॉप उघडता येते खरे, पण फ्लॅशचा गाइड नंबरही त्याच प्रमाणात उतरतो आणि अंतर तेवढेच राहते. एनडी फिल्टरचेही, म्हणजे भिंगावर लावायच्या करड्या काचेचेही, तेच, कारण तो ऊन आणि फ्लॅश दोघांनाही सारखाच अडवतो. शटरचा वेग मात्र फक्त उन्हाला कापतो. फ्लॅशला त्याची झळ लागत नाही. १९८२ साली आलेल्या निकॉन एफएम २ चा सिंक स्पीड १/२०० होता आणि १९८४ मध्ये तो १/२५० झाला, याचे मोल येथे कळते: एफ ११ वर तोच फ्लॅश, तेवढाच सौम्य ठेवून, साडेतीन मीटरपर्यंत पोहोचतो. याशिका मॅट १२४ जीसारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात लीफ शटर असते. त्याची पाती भिंगातच मधोमध उघडत असल्याने १/५०० वरही सिंक मिळतो आणि हे अंतर पाच मीटरवर जाते. पाडव्यासाठी मी तोच उचलतो, जरी त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मिरवणूक उलट दिशेने चालताना दिसते.

फ्लॅश सौम्य करण्याची युक्ती साधी आहे. स्वयंचलित फ्लॅश असेल, तर लेन्स एफ ११ वर ठेवून फ्लॅशला एफ ८ सांगायचे; तो एक स्टॉप कमी प्रकाश टाकून थांबतो. तशी सोय नसेल, तर पांढऱ्या रुमालाची एक घडीही साधारण तेवढेच काम करते.

(दृश्य: घरातली खोली, पांढरी भिंत, आदली संध्याकाळ.)

जुन्या शटरवर छापलेल्या आकड्याचा भरवसा धरू नये. आदल्या संध्याकाळी रोल न घालता मागचे झाकण उघडावे, लेन्स पूर्ण उघडी ठेवून फ्लॅश भिंतीकडे रोखावा आणि मागून पाहत बटण दाबावे. पूर्ण चौकोन उजळला, तर आकडा खरा. एका कडेला काळी पट्टी दिसली, तर उद्या डायल एक घर खाली.