हाबेस आणि आर्या: जहाजावरची बोली, चंद्रपूरचा खलाशी

मंडळी, वीज केंद्रात किंवा कागद कारखान्यात क्रेन चालू असली की खालून ओरडणाऱ्या माणसाकडे, म्हणजे खलाशाकडे, जरा कान द्या. वर घ्यायचं तर 'हाबेस', खाली सोडायचं तर 'आर्या'. कुणी हापिस म्हणतो, कुणी आरिया. चंद्रपूरहून समुद्र गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं, पण हे हुकूम शिडाच्या जहाजांवरचे. १८११ साली कलकत्त्याला जहाजी शब्दांचा कोश छापला गेला तो अशाच हिंदुस्थानी खलाशांच्या बोलीसाठी. आपल्या रेल्वेतला 'खलाशी' हुद्दाही जहाजावरूनच उतरलेला.

साधं 'उचल' आणि 'उतर' का नाही? दोन्हींची सुरुवात उ-नेच होते. जनरेटरच्या आवाजात शेवटचा ल की र, कोण ऐकणार? हाबेस तुटक संपतो. आर्या लांबवता येतो, आणि जितका लांबवाल तितकं हळू सोडायचं असं क्रेनवाला समजतो. शिवाय टोळीत बिहारी, ओडिया, तेलुगू, वऱ्हाडी सगळेच.

आता प्रत्यक्ष काम. ओझं २ टन; ते हुकाला टांगायच्या दोराचे, म्हणजे स्लिंगचे, पाय दोन. पाय उभे असले तर एकेकावर १ टन. जमिनीशी ६० अंशांचा कोन असला तर साधारण १.१५ टन, आणि ३० अंशांवर आले की एकेका पायावर पुरते २ टन! ओझं तेच असतं, स्लिंग मात्र तुटते. घोळ बहुतेक इथंच होतो: आखूड स्लिंग हाताशी असते, लांब आणायचा कंटाळा. बांधून झालं की हाबेस म्हणून वीतभर उचलायचं आणि थांबायचं. कललं तर आर्या, पुन्हा बांधायचं. हुकूम एकानंच द्यायचा. 'थांब' मात्र झाडूवाल्यानं म्हटलं तरी क्रेन थांबली पाहिजे.

अलीकडे पोरींचं नाव आर्या ठेवायची चाल आहे. खलाशाच्या घरात अशी पोर असली की हाक मारताच कुणीतरी विचारणारच, "किती खाली?"

नव्या पोराची फिरकी घेणं हाही जहाजावरचाच वारसा. डाव्या बाजूच्या दिव्यासाठी लाल तेल आण, उजव्यासाठी हिरवं, असं सांगून त्याला स्टोअरला पिटाळतात. रंग काचेचा असतो, तेलाचा नाही. स्टोअरवालाही सामील; तो म्हणतो, लाल संपलं, बोसनला (जहाजावरच्या मुकादमाला) विचार. कारखान्यात त्याचीच भावंडं: डावा पाना, बादलीभर वाफ, पातळी तपासायच्या लेव्हलचा सुटा बुडबुडा. पोरगं तासभर हिंडतं, पण तेवढ्यात कोणती वस्तू कुणाकडे मिळते ते त्याला कळतं, म्हणून ही थट्टा मला वाया गेलेली वाटत नाही. एक पथ्य मात्र जुने सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके, कडक पाळायला लावतात: ओझं हवेत असताना हाबेस-आर्यावर कोटी नाही आणि नव्याची चेष्टाही नाही. चारदा हसू झालेलं पोर पाचव्यांदा 'थांब' ओरडायला कचरतं, आणि नेमका हूक सरकताना त्यालाच दिसलेला असतो.