आकडा दिला, कारण नाही

(पडद्यावर : तिरप्या उजेडात धरलेलं १९७१चं बेसबॉल कार्ड, अगदी जवळून.)

टॉप्स कंपनीचं १९७१चं बेसबॉल कार्ड, म्हणजे पाकिटातून विकलं जाणारं, खेळाडूचं चित्र छापलेलं पुठ्ठ्याचं छोटं कार्ड. चारही बाजूंना काळी बॉर्डर. कडेची शाई जरा जरी उडाली, तरी खालचा पांढरा पुठ्ठा टाचणीच्या टोकाएवढा डोकावतो आणि काळ्यावर तो लगेच नजरेत भरतो. नव्याकोऱ्या पाकिटातून निघालेल्या कार्डांचीही कित्येकदा हीच गत असायची. म्हणून अमेरिकेतले संग्राहक या संचातलं स्वच्छ कडांचं कार्ड वर्षानुवर्षं शोधतात. सापडलं की ग्रेडिंगला, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपनीकडे पाठवतात, फी भरतात, वाट बघत बसतात. परत येते ती प्लॅस्टिकची सीलबंद पेटी, म्हणजे स्लॅब. लेबलवर आकडा असतो ६. ७ का नाही? त्याचं उत्तर बहुतेकदा कुठेच लिहिलेलं नसतं.

ग्रेड देताना सेंटरिंग (चित्र बॉर्डरच्या मधोमध आहे का), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग या चार गोष्टी पाहिल्या जातात. त्यावरून १ ते १० मधला एक आकडा ठरतो. बेकेट या ग्रेडिंग कंपनीने या चारही गोष्टींचे वेगवेगळे गुण लेबलवर छापायला सुरुवात केली, तेव्हा गुण नेमका कुठे कापला गेला हे निदान कळू लागलं. पण जुन्या कार्डांच्या बाजारात सर्वाधिक वजन असलेल्या पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या लेबलवर एकच आकडा असतो.

(पडद्यावर : १९५२चं मिकी मँटल कार्ड.)

एका आकड्याच्या फरकाने किंमत दुप्पट, कधी पाचपट होते. बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्सचं १९५२चं कार्ड, ग्रेड साडेनऊ, ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. तेच चित्र आणि तीच छपाई असलेलं, पण कोपरे गोल झालेलं मँटल कार्ड या रकमेच्या जवळपासही फिरकत नाही. एवढे पैसे ज्या निर्णयावर अवलंबून आहेत, तो माणूस डोळ्यांनी बघून घेतो, आणि माणसाचं मत बदलतं. म्हणून लोक स्लॅब फोडतात, तेच कार्ड पुन्हा पाठवतात आणि कधी कधी वरचा ग्रेड मिळवतात. कार्डात काडीचाही बदल झालेला नसतो. ज्याला पुन्हा पुन्हा फी परवडते, त्याच्याच वाट्याला वरचा ग्रेड यायची शक्यता जास्त. मला यातली ही गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

जुन्या कार्डांच्या बाबतीत आणखी एक अन्याय होतो. त्या काळी मोठे ताव छापून मग कापले जात. पातं थोडं सरकलं की एका बाजूची बॉर्डर जाड, दुसरीकडची धाग्याएवढी. कॅनडातल्या ओ-पी-ची कंपनीच्या हॉकी कार्डांच्या कडा तर कारखान्यातूनच खरबरीत, तुसे निघालेल्या असायच्या. कुणी ते कार्ड पन्नास वर्षं जिवापाड जपलं असलं, तरी कापणाऱ्या यंत्राची चूक त्याच्याच माथी येते. १९५७ पासून टॉप्सच्या कार्डांचं माप अडीच बाय साडेतीन इंच. कारखान्यातच किंचित आखूड कापलं गेलेलं कार्ड ‘माप कमी’ म्हणून ग्रेडविना परत येऊ शकतं. नेमकं किती कमी भरलं, हे मात्र मालकाला कळत नाही.

(पडद्यावर : होनस वॅग्नर कार्ड, नारिंगी पार्श्वभूमी.)

माप कमी भरलं की संशय येतो, आणि तो उगाच येत नाही. कात्रीने कड छाटली की कोपरे पुन्हा धारदार दिसतात. याला ट्रिमिंग म्हणतात आणि या छंदातली ती सर्वांत मोठी फसवणूक मानली जाते. सिगारेटच्या पाकिटातून मिळणाऱ्या टी-२०६ या जुन्या संचातलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं सर्वांत प्रसिद्ध कार्ड १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्यांच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ४,५१,००० डॉलरला घेतलं. पीएसएने ग्रेड केलेलं हे पहिलंच कार्ड. ग्रेड ८. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. आणि २०१३ मध्ये लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी कबूल केलं, की पूर्वी, ग्रेडिंग होण्याच्याही आधी, ते स्वतः विकताना त्यांनीच त्याच्या कडा छाटल्या होत्या. ज्या कार्डापासून पीएसएच्या ग्रेडिंगची सुरुवात झाली, तेच छाटलेलं. एकीकडे कारखान्यातून तसंच आलेलं प्रामाणिक कार्ड परत पाठवलं जातं आणि दुसरीकडे हे ८ घेऊन बसतं. सामान्य संग्राहकाने कशाच्या भरवशावर पैसे भरायचे?

मार्च २०२१ मध्ये कार्डांचा ढीग इतका साचला, की पीएसएला आपल्या बहुतेक सेवा काही काळ थांबवाव्या लागल्या. अशा रेट्यात एका कार्डाच्या वाट्याला किती वेळ येत असेल, हे ज्याचं कार्ड त्या ढिगात होतं त्याला विचारा.

२०१९ मध्ये काही संग्राहकांनी चिकाटीचं काम केलं. जुन्या लिलावांतले फोटो काढले, नव्याने स्लॅबमध्ये आलेल्या कार्डांशेजारी ठेवले आणि छपाईचा एखादा ठिपका, एखादा डाग जुळवत गेले. कार्ड तेच, पण कडा अरुंद झालेल्या आणि ग्रेड वाढलेला. अशी कितीतरी कार्डं त्यांनी उघडकीला आणली, तीही पदरमोड करून. फी घेणाऱ्या कंपनीने प्रत्येक जुन्या कार्डासोबत मोजलेलं माप द्यावं, सेंटरिंगचं प्रमाण द्यावं आणि गुण कशामुळे कापला ते दोन ओळींत लिहावं, एवढीच मागणी आहे. मागच्या बाजूला, उजेडात तिरपं धरल्यावरच दिसणारी एखादी सुरकुती असेल, तर ती कुठे आहे ते सांगा. मग ४ सुद्धा लोक मान्य करतील.